दहा तारखेची भिशी

2022 च्या जुलैत तो माझ्या टेबलासमोर बसला होता. हातात वकिलाची नोटीस, सहा लाखांच्या न वटलेल्या चेकची. नोटीस मी वाचेपर्यंत तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "सायेब, एवढं मी घेतलंच न्हाई."

मी वकील नाही. इचलकरंजीत छोट्या कारखानदारांचे जीएसटीचे रिटर्न भरतो, हिशोब लिहितो. हे प्रकरण माझ्याकडे आलं ते आकड्यांमुळे आणि मी ते लिहितोय तेही आकड्यांसाठीच. नाव, गल्ली आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. रकमा आणि त्यांचा क्रम बदललेला नाही.

माणूस खर्चीवाला. बाहेरच्यांसाठी सांगायचं तर सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. यानं फक्त विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची, तीही पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशोबानं, पैशांत मोजलेली. वडिलांच्या हातचे आठ साधे यंत्रमाग, स्वतःची शेड, शेडच्या वर दोन खोल्यांत घर. कामगारांचा पगार आठवड्याला द्यावा लागतो, वीजबिल महिन्याला येतं आणि व्यापाऱ्याकडून मजुरी येते ती त्याच्या सवडीनं. खर्चीवाल्याचं सगळं आयुष्य या तीन तारखांच्या फटीत जातं. नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी आणि जुलै 2017 चा जीएसटी यांतून तो कसाबसा तगला होता. शेजारच्या शेडमधले माग भंगाराच्या भावानं टेम्पोत चढताना त्यानं पाहिले होते आणि आपले तसे जाऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं होतं.

मार्च 2020 मध्ये माग बंद पडले. उन्हाळ्यानंतर पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा वीजबिल थकलेलं, कामगार उत्तरेकडे आपापल्या गावी गेलेले आणि उचल दिल्याशिवाय परत यायला तयार नसलेले. दोन मागांना दुरुस्ती हवी होती. गरज सगळी मिळून दोन लाखांची.

10 ऑगस्ट 2020 ला, सोमवारी, तो सावकाराच्या माडीवर गेला. याला सावकार म्हणून कुणी हाक मारत नाही. तो भिशी चालवतो, लग्नकार्यात पुढे असतो, गणपतीला वर्गणी मोठी देतो. चहा झाला, पोरांची चौकशी झाली. दर पाच टक्के, म्हणजे महिन्याला. आमच्याकडे टक्का म्हटलं की महिन्याचाच धरायचा, वर्षाचा हिशोब कुणी करत नाही. पहिल्या महिन्याचे 10,000 तिथंच कापून घेतले आणि 1,90,000 रोख हातात दिले. बदल्यात पाच कोरे चेक, नुसती सही केलेले, आणि शंभराचा एक स्टॅम्प पेपर, त्यावरही नुसती सही. पावती कसलीच नाही. मागितली का, असं मी विचारलं. "सायेब, आपुन गरजवंत. पावती कुठनं मागणार?"

इथं मला जरा थांबायचंय, कारण "दुसरा मार्गच नव्हता" हे वाक्य अशा प्रत्येक प्रकरणात येतं. ते अर्धंच खरं असतं. सरकारनं मे 2020 मध्ये आणलेली हमीची कर्जयोजना याच्या कामाची नव्हती. ती ज्यांचं आधीपासून कर्ज चालू होतं त्यांना, त्या कर्जाच्या वीस टक्क्यांपर्यंत. यानं आयुष्यात बँकेचं कर्ज घेतलं नव्हतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. पतसंस्थेला दोन जामीनदार हवे होते. जामीनदार मागायचे म्हणजे गल्लीभर होणार. पण घरात चार तोळे सोनं होतं. त्या ऑगस्टात सोन्याचा भाव कधी नव्हे तेवढा चढलेला. शिवाय 6 ऑगस्टलाच रिझर्व्ह बँकेनं बँकांना सोन्याच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा दिली होती, आधी ही मर्यादा पंचाहत्तर होती. म्हणजे तो माडी चढला त्याच्या चारच दिवस आधी, जवळजवळ तेवढीच रक्कम बँकेतून, पाच टक्के महिन्याऐवजी नऊ-दहा टक्के वर्षानं मिळण्याची सोय झालेली. सोनं बायकोच्या अंगावर होतं. ते काढायचं म्हणजे तिला सांगायचं. तेच त्याला नको होतं. बाहेर अब्रू, घरात अब्रू, आणि या दोन्हींना न विचारता पैसे देणारा एकच माणूस होता.

बायकोला त्यानं सांगितलं की भिशी लावलीय, दर दहा तारखेला दहा हजार.

वहिनींची सवय अशी की घरातला प्रत्येक हिशोब कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचा. दूध नाही आलं त्या दिवशी फुली, सिलिंडर लावला ती तारीख, पोराच्या फीचे हप्ते. त्यात सप्टेंबर 2020 पासून दहा तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात येऊ लागलं, "भिशी 10 ह." असे सात महिने, मार्च 2021 पर्यंत. सत्तर हजार गेले आणि मुद्दल जिथल्या तिथं.

एप्रिल 2021 मध्ये पुन्हा निर्बंध आले, माग थांबले, व्याज थांबलं. जुलैत पंचगंगेचं पाणी शेडमध्ये शिरलं. पाणी उतरल्यावर मोटारी उघडल्या तर आत गाळ. वायंडिंग, बेअरिंग, भिजलेले बीम, म्हणजे व्यापाऱ्याचं ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ. व्यापाऱ्यानं बिमांचे पैसे मजुरीतून कापायचे ठरवले. याला आणखी एक लाख हवे होते आणि आता सावकाराकडे मांडायला सगळा फड तयार होता.

सावकारानं वहीत मांडलेला हिशोब असा. मुद्दल दोन लाख. एप्रिल ते जुलै चार महिन्यांचं व्याज चाळीस हजार. "उशिराचे" दहा हजार. झाले अडीच लाख. त्यात नवे एक लाख, मिळून साडेतीन. दर आता आठ टक्के, कारण "जोखीम वाढली". पहिल्या महिन्याचे 28,000 कापून हातात 72,000. आणि शेडचं खरेदीखत करून द्यायचं. "नुसतं कागदोपत्री. पैसे दिलेस की त्याच दिवशी उलटं खत करून देतो." ज्याला पूर्वी मुदत खरेदी म्हणायचे त्यातली मुदतही इथं तोंडी. ऑगस्टमध्ये दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदला गेला. किंमत नऊ लाख, "संपूर्ण रक्कम रोख मिळाली, त्याबाबत तक्रार नाही." बाजारात त्या जागेचे अठरा लाख सहज आले असते. स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणी फी सावकारानं भरली. मला हे कळलं तेव्हा पहिला विचार आला तो असा: एवढ्याशा कर्जासाठी जो माणूस स्टॅम्प ड्यूटीचा खर्च अंगावर घेतो त्याचा डोळा व्याजावर नसतो, जागेवर असतो.

पुढं सप्टेंबर ते फेब्रुवारी सहा वेळा 28,000 दिले, मार्च ते जून चार वेळा 12,000. मग संपलं. जुलैत दोन पोरं मोटारसायकलवर आली, शेड कधी खाली करताय म्हणून विचारून गेली. त्याच आठवड्यात पाच कोऱ्या चेकपैकी एकावर सहा लाखांचा आकडा पडला, चेक बँकेत गेला आणि खात्यात पैसे नाहीत या शेऱ्यानं परत आला.

मी त्याच्या शेडमध्ये कागद घेऊन बसलो. त्याच्याकडे कागद जवळजवळ नव्हतेच. सगळे समोरच्याकडे होते. बँकेचं पासबुक होतं, मोबाइलवरचे व्यवहार होते. 2021 च्या सप्टेंबरपासूनच्या दहा हप्त्यांपैकी सहा मोबाइलवरून गेले होते, सावकाराच्या भाच्याच्या नंबरवर. बाकीचे चार आणि आधीचे सातही रोख. रोखीचं काय करायचं, या विचारात असताना वहिनी वर गेल्या आणि तीन वर्षांची कॅलेंडरं घेऊन खाली आल्या. जुनी कॅलेंडरं त्या टाकत नाहीत, मागच्या कोऱ्या बाजूला पोरांना गणितं करायला देतात.

चौकोन आणि पासबुक शेजारी ठेवले. मोबाइलवरचे सहाही हप्ते त्याच तारखेला, त्याच रकमेनं कॅलेंडरवर होते. जिथं पडताळा शक्य होता तिथं कॅलेंडर खरं निघालं. मग जिथं पडताळा नव्हता तिथंही ते खोटं का मानायचं, हा आमचा पुढच्या सगळ्या लढाईचा मुद्दा झाला.

आता आकडे. हातात पडलेले 1,90,000 आणि 72,000, एकूण 2,62,000. परत दिलेले 70,000 आणि 2,16,000, एकूण 2,86,000. घेतल्यापेक्षा चोवीस हजार जास्त देऊन झाले होते आणि तरी मागणी सहा लाखांची, शिवाय शेड.

महाराष्ट्रात परवानाधारक सावकारानं किती व्याज घ्यावं हे ठरलेलं आहे. 2014 च्या सावकारी नियमन कायद्याखाली सरकारनं दर ठरवले ते असे: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 टक्के, विनातारण 12, शेतकरी नसलेल्याला तारणावर 15, विनातारण 18. चक्रवाढ लावता येत नाही, आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. दामदुपटीचा जुना नियम तोच. आमच्या माणसाला पहिल्या कर्जावर अठरा, खरेदीखतानंतर पंधरा टक्के लावून, दिलेला प्रत्येक हप्ता आधी व्याजात आणि उरलेला मुद्दलात वळता करत मी तक्ता मांडला. जून 2022 अखेर बाकी निघाली 17,800 च्या आसपास. दोनदा तपासलं. सहा लाख आणि अठरा हजार, दोन्ही एकाच कर्जाचे आकडे. बरं, हे दर परवाना असलेल्यासाठी. याच्याकडे परवानाच नव्हता.

प्रकरण ज्यांच्याकडे दिलं त्या वकिलीणबाईंनी पहिल्यांदा नोटिशीला मुदतीत उत्तर दिलं. ते महत्त्वाचं होतं. चेकच्या प्रकरणात नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर गुन्हा पुरा होतो, आणि न्यायालय सुरुवातीला असंच धरून चालतं की चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता. चेक कोरा होता, रकाना त्यानं नंतर भरला, एवढं सांगून भागत नाही. सही करून कोरा चेक स्वखुशीनं दिला तरी हे गृहीतक लागू होतं असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलंय. ते खोडायचं काम चेक देणाऱ्याचं. म्हणूनच मी लोकांना सांगत असतो की कोरा चेक म्हणजे आकडा समोरच्यावर सोपवलेली रक्कम. ऐकत कुणी नाही.

आकडा सहा लाखच का, तीन-साडेतीन का नाही, हे मला कळत नव्हतं. बाईंनी उलगडून सांगितलं. सावकारी कायद्यातल्या कर्जाच्या व्याख्येतून तीन लाखांच्या वरची, चेकसारख्या कागदावर दिलेली रक्कम वगळली आहे. तीन लाखांच्या वर चेक दाखवला की "हे सावकारी कर्जच नाही, हा साधा व्यवहार" असं म्हणायला जागा मिळते. माडीवर बसलेल्या माणसाला कायदा आमच्यापेक्षा चांगला माहीत होता.

दुसरी भीती माझ्या बाजूची. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम 269 एसएसप्रमाणे वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोख घेता येत नाही, आणि दंड होतो तो घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेइतका. म्हणजे "मी 1,90,000 रोख घेतले" हे सांगणं म्हणजे स्वतःच कबुली देणं. आणि खरेदीखतातले नऊ लाख खरे मानले तर तेही रोखच. बाईंचं म्हणणं, खरं तेच लिहा. दंडातून सुटायला सबळ कारण दाखवायची सोय कायद्यात आहे, खोटं सांगितलं तर मात्र सगळंच जाईल. तसंच केलं. पण त्या रात्री त्याला झोप लागली नसणार. मला तरी लागली नाही.

सप्टेंबर 2022 मध्ये तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्यात, अर्ज दिला. सावकारीची तक्रार पोलिसांत द्यायची असते असा लोकांचा समज आहे. चौकशीचे अधिकार सहकार खात्याचे आहेत; जिल्हा उपनिबंधक हेच सावकारीचे जिल्हा निबंधक. अडचण अशी की एकाला एकदा पैसे दिले म्हणून कुणी सावकार ठरत नाही, धंदा सिद्ध व्हावा लागतो. त्यासाठी आणखी कर्जदार हवेत. आम्हाला सहाजण माहीत होते. चौघांनी हात जोडले. एकानं तर फोनच उचलणं सोडलं, अजून रस्त्यात दिसला तर पलीकडून जातो. दोघं आले, एक चहाच्या गाड्यावाला आणि एक सेवानिवृत्त शिक्षकांची पत्नी, पेन्शनचं एटीएम कार्डच जिच्याकडून ठेवून घेतलं होतं.

जानेवारी 2023 मध्ये सावकारी कायद्याच्या कलम 16 खाली सावकाराकडे झडती झाली, पंच आणि पोलीस बंदोबस्तासह. सही केलेले कोरे चेक, स्टॅम्प पेपर आणि एक लाल डायरी. डायरीत माणसांची नावं नव्हती. "पेन्शन", "गाडा", "रिक्षा" अशा खुणा होत्या. आमच्या माणसाची नोंद "8 माग" अशी होती, पुढं "2, 5 ट." आणि खाली दर दहा तारखेला टिकमार्क. ते टिकमार्क कॅलेंडरच्या चौकोनांशी जुळले. विनापरवाना सावकारीचा गुन्हा कलम 39 खाली नोंदवला गेला, ज्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

शेडसाठी वेगळी वाट, कलम 18. सावकारीच्या ओघात गेल्या पंधरा वर्षांत हातची गेलेली स्थावर मिळकत, खरेदीखतानं गेली असली तरी, मूळ कर्जदाराला परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकांना आहे. दस्तात काय लिहिलंय त्याच्या मागं जाऊन व्यवहार मुळात काय होता ते बघायचं. ही कल्पना नवी नाही. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, कर्जरोखे जाळले, ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला त्यातही रोख्याच्या मागं जाऊन व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासायची तरतूद होती. सुपेकरांना कागद जाळावे लागले. आमचा जीव एकेका कागदासाठी अडला होता.

आमच्या बाजूनं बोलले ते कागद असे: खरेदीनंतरही घरफाळा आमच्याच माणसानं भरलेला. वीजबिल त्याच्याच नावानं. माग एक दिवसही शेडबाहेर गेले नाहीत. नव्या "मालकानं" भाडं मागितलं नाही की भाडेकरार केला नाही. नऊ लाख रोख दिले म्हणणाऱ्याच्या बँक खात्यातून त्या महिन्यात तेवढी रक्कम निघालेली नाही. आणि कॅलेंडर.

कॅलेंडरवर समोरचे वकील तुटून पडले. "यात सावकार कुठं आहे? भिशी लिहिलंय. माझे अशील भिशी चालवतात हे आम्ही नाकारतच नाही. भिशीचे पैसे भिशीत गेले." खरं सांगायचं तर हा मुद्दा बिनतोड वाटला होता मला. काही वर्षांपूर्वी बायकोपासून कर्ज लपवण्यासाठी बोललेला एक शब्द आता उलटून अंगावर आला होता.

वहिनींना पुढं बोलावलं. त्या पदर सावरून उभ्या राहिल्या. "ह्यांनी मला भिशीच सांगितलेलं, म्हणून मी भिशी लिवलं. दोन दिवाळ्या झाल्या, भिशी कधी फुटंल म्हणून मी इचारत व्हते. फुटली असती तर त्याच चौकोनात लिवलं असतं की." अधिकाऱ्यांनी दोन्ही दिवाळ्यांची पानं उलटून पाहिली. जमा कुठंच नव्हती. एका पानावर "भिशी?" एवढंच, प्रश्नचिन्हासह.

2024 मध्ये निर्णय झाला. खरेदीखत सावकारी व्यवहारातलं, म्हणून रद्दबातल. शेड मूळ मालकाची. महिनाभराच्या मुदतीत सावकारानं विभागीय सहनिबंधकांकडे अपील केलं, स्थगिती मिळवली. त्यामुळं सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आजही त्याचंच नाव आहे. चेकचा खटला वेगळ्या न्यायालयात, वेगळ्या तारखांना चालू आहे. सहकार खात्याचा निर्णय तिथं पुरावा म्हणून दिलाय, पण नुसत्या त्यानं खटला संपत नाही. मोटारसायकलवरची पोरं झडतीनंतर फिरकली नाहीत. सावकारानं यंदाही गणपतीला वर्गणी दिली आणि मंडळानं फलकावर नाव लावलं.

आठांतले सहा माग चालू आहेत. दोन वकिलाच्या फीसाठी आणि तारखांना जाण्यायेण्याच्या खर्चासाठी विकले, भंगाराच्याच भावानं. टेम्पो आला त्या दिवशी तो शेडमध्ये थांबला नाही, माझ्या ऑफिसात येऊन बसला.

उतारा वादात म्हणून शेडवर बँक कर्ज देत नाही. मागच्या उन्हाळ्यात पुन्हा पैसे लागले, एका कामगाराच्या उपचारासाठी. वहिनींनी बांगड्या काढून पिशवीत घातल्या आणि दोघं मिळून बँकेत गेले. सोनं तोललं, अर्ज भरला, दुपारी पैसे खात्यात. येताना पावतीची झेरॉक्स मला देऊन गेले. मी मागितली नव्हती.